धार काढलेली विळी

मित्रांनो, मी एक जुनी विळी आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी मला चित्रातच पाहिलं असेल, काहींनी तेही नाही. म्हणून आधी ओळख करून देते. बसायला बाभळीचा पाट, त्याच्या टोकाला उभं वाकडं पातं आणि पात्याच्या शेंड्याला नारळ खोवायची दातेरी खोवणी. बस्स, एवढीच मी. सुरी भाजीवर चाल करून जाते. माझ्याकडे भाजी चालत येते. एवढा माझा मान.

आज माझ्या पात्याला धार नाही. ती गंजली नाही, झिजली नाही, ती काढली. कुणी आणि कशाला, तेच सांगायला बसले आहे. गोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे जा.

माझा जन्म खडकीच्या बाजारातला. लष्कराच्या भंगारात निघालेल्या एका ट्रकच्या स्प्रिंगचा कमानपाटा लोहारानं तापवला, ठोकून ठोकून वाकवला आणि लालबुंद असतानाच पाण्यात बुडवला. याला पात्याला पाणी पाजणं म्हणतात. पाणी नीट बसलं तर पातं जन्मभर धार धरतं. माझं बसलं होतं. ज्यांनी मला करून घेतलं ते नागोराव दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते, वाशीमकडून आलेले. लोहार त्यांना म्हणाला, "घेऊन जा. तुमची नातवंडंसुद्धा हिच्यावर भाजी चिरतील."

लोहाराला लोखंडातलं कळत होतं. नातवंडांतलं नाही.

नागोरावांची बायको वेणूबाई. शिक्षण दुसरी, जीभ मात्र माझ्यापेक्षा धारदार. नागोराव अचानक गेले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तप्रसाद चार वर्षांचा होता. कारखान्याची खोली सोडावी लागली. वेणूबाईनं बाजारामागं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, कांताबाई नावाची एक मदतनीस धरली आणि कारखान्यातल्या एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी खानावळ काढली. भोंगा झाला की चाळीस माणसं पाटावर बसायची.

खानावळीत वेणूबाईचे दोन नियम होते. पहिला, कांदा चिरून ठेवायचा नाही. तेल तापलं की चिरायला घ्यायचा. चिरलेला पडून राहिला की वास मारतो आणि रश्श्याला कडवट करतो. दुसरा नियम माझ्यासाठी. काम झालं की मला कुशीवर आडवी करून, तोंड भिंतीकडे करून ठेवायचं. "उभी विळी घरात भांडण लावते," असं ती म्हणायची.

एकदा नवीन आलेला एक कामगार बोलून गेला, "मावशी, कांदा आधीच चिरून ठेवत जा ना. ताट लवकर येईल."

"लवकर पाहिजे तर इस्पितळात जा," वेणूबाई म्हणाली. "तिथं सलाईन लगेच लावतात."

तो पुढे अकरा वर्षं तिथंच जेवला.

चाळीस वर्षं मी चिरत राहिले. मेथी, कोबी, वांगी, लाल भोपळा आणि कांदे, कांदे, कांदे. दर खंडेनवमीला वेणूबाई मला धुऊन, पुसून हळदकुंकू लावायची आणि त्या दिवशी मला सुट्टी द्यायची. वर्षातली एक. तेवढी पुरे होती. कामाच्या वस्तूला जास्त सुट्टी मानवत नाही, माणसालाही नाही.

मग वेणूबाईचे गुडघे गेले. खाली बसवेना. खानावळ बंद झाली आणि मी ओट्याखाली गेले. वर ओट्यावर चिरायची प्लॅस्टिकची यंत्रं आली, दोरी ओढली की गरगर फिरणारी. त्यातून निघालेल्या कांद्याला चिरलेला म्हणत नाहीत, घाबरलेला म्हणतात. असो.

दत्तप्रसादची मुलगी ओवी हॉटेलाचं शिक्षण घेऊन आली. तिला आणि तिचा भागीदार आमोद याला कोथरूडला हॉटेल काढायचं होतं. ती आजीकडे नाव मागायला आली.

"वेणूबाईज् किचन," ओवी म्हणाली. "कसं वाटतं?"

"हा 'ज्' कुणाचा?"

"आजी, म्हणजे वेणूबाईचं."

"मग 'चं' म्हणायला काय लाज वाटते?"

ओवी हसली, गळ्यात पडली. नात गळ्यात पडली की भल्याभल्यांची धार बोथट होते. वेणूबाई म्हणाली, "नाव घे. पण माझ्या नावाच्या घरात चिरून ठेवलेला कांदा वापरायचा नाही. तुमच्याकडे माणसं जास्त येतील, समजते मी. सगळा या एका विळीवर होणार नाही. पण रोजचा पहिला कांदा हिच्यावर. कबूल?"

"तुझी शपथ, आजी."

आणि मला जुन्या टॉवेलात गुंडाळून गाडीत घातलं. मित्रांनो, खोटं सांगत नाही, मला आनंद झाला होता. म्हातारपणी कामावर बोलावलं होतं.

हॉटेलच्या आधी आमोद मला एका कारखान्यात घेऊन गेला. गरगर फिरणाऱ्या दगडाला माझं पातं लावलं. ठिणग्या उडाल्या. मला वाटलं, धार लावत आहेत. मग त्या कारागिरानं पात्यावरून बोट फिरवलं, आरपार, निवांत, आणि त्याला काही झालं नाही. तेव्हा कळलं. खोवणीचे दातही घासायचे होते, पण आमोद म्हणाला, "ते राहू दे, फुलासारखं दिसतं." पाटाला चार भोकं पाडली, वरून चकचकीत पॉलिश दिलं आणि मला हॉटेलच्या दर्शनी भिंतीवर ठोकलं. उभी. डोक्यावर दिवा.

उद्घाटनाला वेणूबाई नवं लुगडं नेसून आली. जो तो म्हणत होता, "नातीनं आजीचं नाव काढलं हो!" वेणूबाई पदरानं डोळे पुसत होती. कांताबाईनं विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं. कांदा झोंबला."

तिथं कांदा कुणी चिरतच नव्हतं.

त्या भिंतीवरून मी दोन वर्षं तुमचं आजचं खाणं पाहिलं. जेवायला आलेली माणसं आधी झोपाळ्यावर बसून फोटो काढत. ठेचा पिझ्झ्यावर, सोलकढी उंच ग्लासात बर्फ आणि पुदिना घालून. पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा पणतीएवढ्या मडक्यात. एका ताईनं भाकरी आधी सहा बाजूंनी टिपली आणि गार झाल्यावर म्हणाली, "चिवट आहे." भाकरीनं किती वाट बघायची? वाढणाऱ्यांच्या डोक्याला फेटे, मागच्या दाराला घरपोच डब्यांच्या पिशव्यांची रांग, आणि मेनूकार्डाच्या पहिल्या पानावर छापलेलं, "आजीच्या विळीवर चिरलेलं, आजीच्या हातचं."

खंडेनवमीला ओवीनं मला झेंडूचा हार घातला. हौसेनं घातला, मला मान्य आहे. पण बाळांनो, भिंतीवर टांगून हार कुणाला घालतात, ते तुम्हालाही ठाऊक आहे.

हॉटेल चाललं, दुसरी शाखा काढायची ठरली. तिच्या जाहिरातीसाठी वेणूबाईचं चित्रीकरण करायचं होतं. मला भिंतीवरून उतरवलं, खाली सतरंजीवर ठेवलं. समोर कॅमेरा, दिवे, पाच-सहा माणसं. वेणूबाईनं कांदा चिरायचा आणि एकच वाक्य म्हणायचं, "माझ्या हातची चव, माझ्या विळीची धार."

दोघांनी धरून तिला पाटावर बसवलं. कांताबाई शेजारी उभी होती. "बसाल खऱ्या," ती म्हणाली, "उठवायला क्रेन आणावी लागेल."

"तू आहेस की."

किती वर्षांनी तो पाय माझ्यावर आला! वेणूबाईनं कांदा हातात घेतला, न बघता पात्यावर आणला आणि दाबला. कांदा निसटला. तिनं पुन्हा दाबला. तो चिरला नाही, चेंगरला. पाणी तिच्या बोटांवरून ओघळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं अंगठा पात्यावरून फिरवला. "हिची धार कुठाय?"

"आजी, सेफ्टीसाठी काढून घेतली," आमोद म्हणाला. "लहान मुलं येतात ना."

"काढून घेतली?"

"हो, पूर्ण काढली."

"धार गाई-म्हशीची काढतात, बाळा. विळीची लावतात."

दिवे धरणारी माणसं हसली. ओवी पुढं आली. "आजी, काही हरकत नाही. तू नुसता हात फिरव. कट केलेला कांदा आहे आपल्याकडे." आतून एक प्लॅस्टिकची पिशवी आली. वर तारीख छापलेली, परवाची. वेणूबाईनं ती नाकाशी नेली आणि लगेच खाली ठेवली.

"हा कुठं चिरला?"

"बाहेरून येतो, आजी. रोज दोनशे माणसं जेवतात. चिरत कोण बसणार?"

"आणि पहिला कांदा?"

ओवीनं पिशवी उचलून मागं लपवली.

"माझी शपथ घेतली होतीस. बरं झालं मी अजून जिवंत आहे."

"आजी, प्लीज. सगळेच असं करतात."

"सगळ्यांच्या पाटीवर माझं नाव आहे का?"

कॅमेऱ्यावाल्यानं कॅमेरा बंद केला. त्याला तेवढं कळलं. वेणूबाई कुणावर ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चाळीस वर्षांत मी खोटं बोलून एक ताट वाढलं नाही. ओवी, लोक म्हणतात नातीनं आजीचं नाव काढलं. आता खरोखर काढ. पाटीवरून."

"पण तूच दिलंस ना नाव!"

"कांद्यासकट दिलं होतं."

मग कांताबाईनं तिला उठवलं आणि वेणूबाईनं मला उचललं. आमोद म्हणाला, "आजी, विळी आपल्या डेकोरचा भाग आहे." तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो बाजूला झाला. उभी विळी भांडण लावते, असं ती म्हणायची. दोन वर्षं मी उभी होते.

दुसऱ्या दिवशी खडकीच्या गल्लीत सायकलवरचा धारवाला आला. त्यानं मला उलटसुलट पाहिलं. "आजी, मशीनवर जाळलंय हिला. पाणी उतरलंय. धार लावीन, पण टिकायची नाही."

"लाव तरी."

त्यानं लावली. दोन वांगी चिरली. तिसऱ्याला माझी धार वाकली. वेणूबाईनं मला पुसलं, कुशीवर आडवी केली, तोंड भिंतीकडे. त्या दिवशी मला ते बरं वाटलं, कुणाचं तोंड बघायचं नव्हतं.

महिन्यानं ओवी आली. फोनवर नव्या पाटीचा फोटो घेऊन. "आजी, काढलं बघ."

वेणूबाईनं एकेक अक्षरावर बोट ठेवत वाचलं. "वे-णू-ज् कि-च-न." मग म्हणाली, "बाई काढलीस, वेणू ठेवलीस."

"तेवढंच होऊ शकलं, आजी. लोकांना नाव ओळखीचं झालंय."

"म्हणजे मान काढला आणि नाव ठेवलं," कांताबाई कोपऱ्यातून म्हणाली.

 वेणूबाईनं मला सरळ उभी केली, एक नारळ फोडला आणि एक वाटी ओवीच्या हातात दिली. ओवी माझ्यावर बसली, पहिल्यांदाच. पाय चुकीचा, कमर ताठ. चार वेळा खोवलं आणि बोट खोवणीला लागलं. "आई गं! हिला अजून धार आहे!"

"धार नव्हे," आजी म्हणाली. "दात."

ओवीनं बोट तोंडात घातलं आणि मान खाली घालून खोवत राहिली. मला वाटलं, आता ही वाटी पुरी करील. तेवढ्यात फोन वाजला. ती "आलेच" म्हणून उठली, ती गेलीच. अर्धी खोवलेली वाटी माझ्याजवळ पडून राहिली. वेणूबाईनं ती दुसऱ्या कुणाला खोवू दिली नाही. पाटी अजून तशीच आहे. भिंतीवर माझ्या जागी लाकडाची रंगवलेली विळी लागली आहे, असं कांताबाई सांगते. तिला चार भोकं पाडताना काही वाटलं नसेल.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं तुम्हाला सगळेच सांगतात. म्हणजे पुसा, पॉलिश करा, दिव्याखाली टांगा. मला तसली काळजी नको. मला धार लावा आणि कामाला लावा. मोठ्यांच्या शेजारी बसून जपून चिरायला शिका. ते होणार नसेल तर मला ओट्याखाली अंधारात राहू द्या, पण माझ्या नावावर दुसऱ्याचा कांदा खपवू नका. आणि आजीचं नाव काढायची हौस असेल, तर आधी तिच्याजवळ बसून एक नारळ पुरा खोवा. पुरा. अर्धी वाटी टाकून उठू नका.

बोट सांभाळून बसा मात्र. माझी धार काढली. दात शाबूत आहेत.