नको असलेले भाग

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? आता कल्पना करा, की ते कधीच उघडत नाहीत. समोर संगणक आहे आणि पडद्यावरचं सगळं तो तुम्हाला वाचून दाखवतो. ना राग, ना लोभ, नुसता सपाट आवाज.

भिंगरीच्या दादाचं जग त्या आवाजावर चालायचं. भिंगरी ही त्याची धाकटी बहीण; एका जागी टिकायची नाही, म्हणून हे नाव.

दादाला नोकरी लागण्याच्या बेतात होती. ऐकायची पुस्तकं काढणारं एक कार्यालय होतं. वाचणारा कुठे अडखळला, कुठे शब्द गाळला, ते कान देऊन टिपायचं काम. आता शेवटचा नमुना तपासून पाठवला, की झालं. पण संगणक म्हातारा झाला होता, बोलता बोलता थांबायचा.

"आजोबांना धाप लागली," दादा हसायचा.

भिंगरीने ते मनावर घेतलं आणि गल्लीतल्या उस्तादाला गाठलं. हा कॉलेजातला मुलगा, सगळ्यांचे फोन दुरुस्त करून द्यायचा. त्याने पेनड्राइव्ह हातावर ठेवला.

"ही सिस्टिम टाक. कंपनीची नाही, कुणीतरी छाटून बनवलीय. नको असलेले भाग काढलेत. पिसासारखी हलकी!"

"नको असलेले म्हणजे कुठले?"

"कोण विचारतं गं ते? टाक तू."

दादा आत्याबरोबर दवाखान्यात गेला होता. भिंगरीला त्याला चकित करायचं होतं. तिने दादाचा नमुना बाजूला काढून ठेवला. 'संरक्षण बंद करा' असं पडद्यावर आलं, तेही तिने केलं. जुनं सगळं पुसलं गेलं आणि संगणक चुटकीसरशी उघडला.

"दादा, बघ किती पळतोय!"

दादाने एक कळ दाबली. मग दुसरी. मग सगळ्या.

"बोलत का नाही हा?"

वाचून दाखवणारा आवाजच काढून टाकलेला होता. ज्याने छाटलं, त्याला डोळे होते ना. भिंगरीने तो परत घालायचा खूप प्रयत्न केला, बसेचना.

आत्या दारातून म्हणाली, "आंधळ्याला मुका मिळाला. जोडा छान जमलाय."

दादाने कळफलक भिंगरीकडे सरकवला. म्हणाला, "असू दे. वाचायचं तू, सांगायचं मी." रेकॉर्डिंग तर ऐकू येत होतं. त्याने चुका सांगितल्या, तिने टिपल्या. मग त्याने आपल्या मेलचा पासवर्डही सांगितला आणि तिने तो टाइप केला.

बाळांनो, कुलूप अनोळखी माणसाकडून करून घेतलं, तर दुसरी किल्ली त्याच्याच खिशात राहते. त्या छाटणाऱ्याने पहारेकरी काढला होता आणि त्याच्या जागी आपला माणूस बसवला होता. दाबलेली प्रत्येक कळ तो टिपून घेत होता.

दादा रोज विचारायचा, "आलं का गं उत्तर?"

एका दुपारी आलं. पण त्याआधी भिंगरीला दुसरंच दिसलं. दादाच्या नावाने ओळखीच्या सगळ्यांना पत्रं गेली होती. जुन्या सरांना, मित्रांना, त्या कार्यालयालाही. 'मी आंधळा आहे. डोळ्यांच्या ऑपरेशनला पैसे पाठवा. खाली दाबा.' कुणी पाठवले होते. कुणी दाबून आपलाही संगणक घालवला होता. शेवटी कार्यालयाचं उत्तर होतं: 'व्यंगाचं भांडवल करणारी माणसं आम्हाला नकोत. पुन्हा लिहू नये.'

दादा खुर्चीत ताठ बसला होता. सकाळीच त्याने नव्या शर्टाला इस्त्री करून घेतली होती.

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय... की... अजून वेळ लागेल."

आत्या भाजी निवडता निवडता म्हणाली, "लागणारच. अशांना कोण घेतंय!"

दादाने मान जराशी तिरकी केली, नमुना ऐकताना करायचा तशी.

"दोनदा अडखळलीस," तो हळूच म्हणाला. "आणि बरंच गाळलंस. भिंगरे, माझं कामच आहे ते."

भिंगरीने दाराकडे पाहिलं. पळून जाता आलं असतं. पळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तिने स्टूल ओढलं, दादाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली, पहिलं पत्र उघडलं आणि त्या हरवलेल्या आवाजासारख्याच सपाट आवाजात, एकही शब्द न गाळता, वाचायला लागली.