लाल शाईचा शेरा

प्रेमिलाला ताप यायचा तर तो नेमका एकतीस डिसेंबरला यावा! वर्षाचे बाकीचे दिवस काय ओस पडले होते? सरकारी रोजगार कचेरीत नोकरीसाठी नाव नोंदवल्याच्या कार्डावर शिक्का मारून घ्यायची आज शेवटची तारीख. एकोणसत्तर साली मॅट्रिक झाल्याबरोबर तिनं नाव नोंदवलं होतं. दहा वर्षं ते कार्ड ती जिवापाड जपत आली, मधल्या काळात बी.ए. झाली, आणि आता कुठे एकोणसत्तरवाल्यांना बोलावणी येऊ लागली होती. येत्या जूनमध्ये तिच्या वयाची अट उलटणार होती. म्हणजे जूनच्या आत नाही तर कधीच नाही.

उद्या जाऊ, उद्या जाऊ करत तिनंच हा दिवस आणला होता. वस्तीतल्या बुद्धविहारात ती प्रौढांचा साक्षरता वर्ग चालवायची. एक तारखेला तिथं कार्यक्रम होता, शिक्षण खात्याचे साहेब येणार होते, आणि तिचा बाप नत्थू सगळ्यांसमोर फळ्यावर लिहिणार होता : ‘शिकू, राबू, देश पुढे नेऊ.’ त्या तयारीपायी तिला महिनाभर कसली शुद्ध नव्हती.

“तू पडून राह्य. मी जातो,” नत्थू म्हणाला. लकडगंजात लाकूड कापायच्या आरामशिनीवर ओंडके वाहून त्याचा उजवा खांदा उतरला होता, आणि साठीला टेकल्यावर तो लेकीच्या वर्गात पाटी घेऊन बसला होता.

“बाबा, तिथं काही विचारलं तर?”

“काहून? मले आता वाचता येत नाही का?”

खिडकीत कार्ड द्या, शिक्का घ्या, एवढं सांगून तिनं डोक्यावर गोधडी ओढली. खिडकीत एक अर्जही भरावा लागतो आणि त्यावर तिचीच सही लागते, हे त्या तापात तिला आठवलंच नाही.

चारच्या सुमाराला नत्थू आला तो दारातूनच बोलत.

“झालं वं काम! आन ऐक, आंगठा नाही लावला म्या. मले पाह्यलं आन बाबूनं शाईचं पॅड पुढं सरकवलं. मी म्हटलं, पेन आण! तो म्हणे, अर्जदाराची सही लागते. म्हटलं, अर्ज तं मीच देऊन राह्यलो ना? केली सही. अर्धा त, मंग थ. काई चुकलो नाही. त्यानं माही सही पाह्यली, कार्डावरची तुही पाह्यली, आन लाल शाईनं लेहून देल्लं. तू माह्या वहीत लेहतं ना, तसंच!”

प्रेमिला उठून बसली. कार्डावर घाईघाईच्या लाल अक्षरात लिहिलं होतं : ‘सही जुळत नाही. जुनी नोंद रद्द.’ खाली निळ्या शाईत : ‘नवीन नोंदणी, ३१-१२-७९.’

दहा वर्षं गेली; आता तिचा नंबर आजच्या तारखेपासून लागणार होता. गेल्या साली शेजारच्या चारुलताचं असंच झालं होतं. तिनं सहा महिने खेटे घातले, कचेरीतल्या साहेबापुढे रडली, पण नोंद काही परत आली नाही. ‘काय करून बसलात हे, बाबा!’ असं ओरडावंसं प्रेमिलाला वाटलं. बापाचा राग आला, त्याला अर्धा त शिकवणाऱ्या स्वतःचा तर त्याहून जास्त आला.

“थांब, सांगू नको. मीच वाचतो,” म्हणत नत्थूनं कार्ड ओढून घेतलं. लाल गिचमिड त्याला लागेना. तो खालच्या ओळीवर बोट ठेवून बसला. “न... वी... न. नवीन! नव्या सालाले नवं! बरोबर ना वं?”

“बरोबर, बाबा.”

“पुढच्या खेपेले भी मीच जाईन. तू आता ह्या कामाची फिकर करू नको.”

पुढची खेप! तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. नत्थूला वाटलं ताप चढला. त्यानं कपाळाला हात लावून पाहिला, पाण्याचा पेला उशाशी ठेवला, आणि मग जरा लाजतच आपली वही पुढे केली. उद्या फळ्यावर लिहायचं वाक्य त्यानं वीस वेळा उतरून काढलं होतं. खाली सही होती : नत्थू.

“ताप हाय तुले, माहीत हाय. पण शेरा दे ना. त्या बाबूनं देल्ला, तूच राह्यली.”

तिनं सगळं पान तपासलं. जोडाक्षर कुठंच चुकलं नव्हतं. उशाखालचं लाल पेन काढून तिनं सहीखाली लिहिलं : ‘छान.’