नुसतं पाणी

...पाकळीच्या कडेला अजून एक कुसळ लागत होतं. क्रिसांतोने पॉलिशपेपर पुन्हा एकदा फिरवला, वरून अंगठा फिरवला — आता नाही. तळहाताएवढं लाकडाचं फूल, पुरतं उमललेलं, आणि कुणीही न कोरलेलं. बांडगूळ मरून गळून पडलं की ते जिथे रुतून बसलेलं असतं तिथे फांदीचं लाकूड असं पाकळ्यापाकळ्यांनी उघडलेलं सापडतं. अँटिग्वाच्या बाजारात लोक विचारतात, हे कशाचं फूल? तो झाडाचं नाव सांगतो, बांडगुळाचं सांगत नाही, कशाला सांगा.

उठताना गुडघ्यातून कळ आली. नेमकी... आजच.

आत त्याची लेक ओदिलिया मक्याच्या तोर्तिया थापत होती. खाटेवर तिची पिशवी होती, अर्धी भरलेली. अर्धीच. दुपारच्या बसने शेला शहरात जायचं, नर्सिंगच्या शाळेत. जागा मागच्या वर्षीही मिळाली होती, त्याच्या आदल्या वर्षीही, आणि दोन्ही वेळेला नेमका त्याचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. सोंग नव्हतं ते, देवाशपथ नव्हतं — रात्रभर ठणकत होता, आणि पोर फडकं तापवून शेकत बसली होती, आणि ती शेकत असताना... शेकत असताना त्याला फार बरं वाटलं होतं. गुडघ्याला नव्हे.

"ताता, गुडघा कसा आहे?" आतून आवाज आला.

"बघू," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच उत्तराची लाज वाटून अंगणात आला.

अंगणातल्या अ‍ॅव्होकाडोवर त्याने एक बांडगूळ मुद्दाम राखलं होतं. जितकं थोराड होईल तितकं फूल मोठं. शेजारची रेमिखिया कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती.

"काय हो, अजून वाढवताय का त्याला? एक दिवस झाड जाईल, मग फुलंच विका आणि फुलंच खा!"

"झाडाचं काय जातं? बांडगूळ हिरवं आहे. आपलं आपण रांधून खातं. झाडाकडून नुसतं पाणी घेतं."

"आमचे हेही तेच म्हणायचे. दारू माझी मी आणतो, तुझ्याकडे काय मागतो, नुसतं लिंबू! चार वेळा उठवायचे मेले लिंबासाठी."

तो हसला. हसता हसता त्याचा हात वर, बांडगुळाच्या खाली आलेल्या डहाळीकडे गेला होता. पाऊस अजून लांब होता; झाडाची पानं लोंबत होती — ओल कमी पडली की झाड असं आवरून घेतं, आहे तेवढं पुरवतं. बांडगुळाची पानं मात्र ताठ होती, हाताला गार लागत होती. ते आवरत नव्हतं, पीतच होतं. आणि त्याच्या पुढची फांदी... इतके दिवस त्याची नजर बांडगुळापाशीच थांबायची. पुढे नुसत्या काटक्या. पाणी बांडगुळापर्यंत येत होतं, पुढे पोचत नव्हतं.

मी पोरीचं काय घेतलं? माझं मी कमावतो, ती दमली तर घेवडा मीच शिजवतो, कधी कशाला हात पसरला नाही. संध्याकाळी म्हटलं, बस जरा. अंधार पडला की म्हटलं, आज नको जाऊस मैत्रिणीकडे. एवढंच. नुसतं...

त्याने शिडी आणली, बुंध्याला दोरीने घट्ट बांधली, करवत घेतली. नुसती पानं ओरबाडून भागत नाही. एका वर्षी ओरबाडली होती, तर लाकडाच्या आतून पुन्हा फुटलं. करवत बांडगुळाच्या अलीकडे लावायची, चांगल्या लाकडात, हातभर आत. फूल जाईल. फांदीही जाईल. जाऊ दे. दर पायरीला गुडघ्यातून कळ निघत होती. ज्वालामुखीचा डोंगर घुमला, नेहमीसारखा. रेमिखियाने तेवढी राख पडेल म्हणून चादर काढून घेतली.

"ताता! आधी खाली उतरा!" ओदिलिया पिठाच्या हातांनी धावत आली. "गुडघा दुखतोय ना?"

बरा आहे म्हणणं सोपं होतं. तिला पटलं नसतं, आणि न पटल्यामुळे ती राहिली असती — हे त्याला ठाऊक होतं, आणि हेही की आपण बरा आहे असं म्हणालो असतो तर ते त्यासाठीच.

"दुखतोय. कालच्यापेक्षा जास्त." तो म्हणाला. "तू पिशवी भर."

"मग मी कशी—"

"दुखणारच आहे तो, पोरी. तू असलीस तरी, नसलीस तरी. भर जा."

ती हलली नाही. शिडी तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"सोड. बांधलीय मी."

त्याने खाली पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचे हात दिसले असते — धरलेले, की सुटलेले. करवत आत शिरली, ओला भुसा बोटांवर पडू लागला. बांडगुळाची पानं अजून तशीच ताठ. फांदी पडल्यावरही दिवसभर ती तशीच राहतील, त्यांना काही कळणार नाही... गुडघा ठणकत होता. ठणकू दे. तो आता कुणाला हाक मारत नव्हता.