चौथ्या मजल्यावरचे उंदीर

त्या इमारतीत आता नवी लिफ्ट बसवलीय. गुळगुळीत दाराची, बोलणारी. "कृपया दारापासून दूर उभे राहा," असं मलाच सांगते! तीस वर्षं मी लिफ्टचा मिस्त्री. जुनी जाळीच्या दाराची होती, चढताना दम लागल्यासारखी कण्हायची. तिची आठवण आली की अजून गलबलून येतं.

तेव्हा माझी दारू एवढी वाढली होती की बायको पोरीला घेऊन भावाकडे निघून गेली. जाताना अट घालून गेली. "दारू सोडणाऱ्यांची सभा भरते म्हणे. दर गुरुवारी तिथे बसायचं, बोलायचं. मग मी परत यायचं बघेन."

सभा भरते कुठे, हे विचारणार कुणाला? शेवटी नेहमीच्या बारमालकालाच विचारलं. त्याला तोंडपाठ! "कापडाच्या दुकानावर, चौथा मजला, संध्याकाळी सहा. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिथेच गेली हो," म्हणाला, आणि बिलाच्या मागे नकाशा काढून दिला. बिचाऱ्याचं अक्षर फार सुरेख.

जिने चढून वर गेलो. एक रिटायर झालेल्या हेडमास्तरीणबाई खुर्च्या मांडत होत्या. सभा त्याच चालवायच्या.

"या. कशासाठी आलात?"

खांद्याला हत्यारांची पिशवी होती. तोंडातून निघून गेलं, "लिफ्ट बघायला."

"बरं झालं बाई! सहा महिने बंद आहे. आमच्या गुडघ्यांची वाट लागली."

झालं. आत सभा, बाहेर मी. दार उघडंच असायचं. दाराच्या स्विचची एक पितळी पट्टी झिजली होती, अर्ध्या तासाचं काम. मी ते तीन गुरुवार पुरवलं. एकच स्क्रू काढायचा, लावायचा आणि कान आत. कुणी शाळेच्या कपाटात बाटली लपवायचं, कुणी बूट गहाण टाकून आलं होतं. लोक रडत काय, हसत काय! घरी आल्यावर मी बायकोला फोन करायचो.

"आज काय बोललात सभेत?"

"हेच की, शाळेच्या कपाटात बाटली ठेवायचो आणि मुलांचे पेपर..."

"तुम्ही? पेपर तपासायचात? सहावीत दोनदा बसलात तुम्ही!" खाडकन फोन ठेवला.

चौथ्या गुरुवारी माझीच मला लाज वाटून लिफ्ट चालू करून टाकली. आता यायला निमित्त नाही म्हणून आठवडाभर तोंड पाडून हिंडलो. सहज डोकवावं म्हणून गेलो, तर लिफ्ट बंद! फ्यूजच गायब. एवढा आनंद मला पोरगी झाली तेव्हाच झाला होता. पुढच्या गुरुवारी स्विचमध्ये काडेपेटीची काडी. त्याच्या पुढच्या गुरुवारी दाराच्या फटीत खोडरबर.

"उंदीर," मी म्हटलं.

"फार झालेत," सभेतले पोस्टमनकाका गंभीर चेहऱ्याने म्हणाले.

आठव्या गुरुवारी जिना चढून वर आलो, तर पोस्टमनकाका जाळीपाशी वाकलेले. हातात कागदाची घडी, अर्धी स्विचमध्ये खुपसलेली.

"काका?"

"मी... हे... वारा येत होता."

तेवढ्यात खालून आवाज आला, "कोण आहे रे तिकडे? लिफ्ट का थांबली?"

बाईंचा गुडघा त्या दिवशी सुजला होता. लिफ्ट चालू दिसली म्हणून बसल्या, आणि काकांनी नेमका तेव्हाच कागद खुपसला. लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मधोमध. मी जमिनीवर पालथा पडलो, तेव्हा कुठे जाळीतून बाईंचं तोंड दिसलं.

"बाई, घाबरू नका. स्विचमध्ये कागद अडकून फाटलाय. मोटरपाशी जाऊन चाक हाताने फिरवतो, पाच मिनिटांत वर."

"मिस्त्री, थांबा. तो कागद पाहिलात ना?"

"पाहिला."

"आठवडाभर लिफ्ट चालायची, गुरुवारी दुपारी आम्हीच बंद पाडायचो. चालू राहिली तर तुम्ही येणार नाही म्हणून. आळीपाळीने. आज काकांना उशीर झाला. खोडरबर माझं." एवढं बोलून त्या लिफ्टमध्ये फतकल मारून बसल्या. "मला घाई नाही. आधी सांगा, कशासाठी येता?"

मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज. बाईंशिवाय सभा कशी भरायची, म्हणून सगळे खुर्च्या घेऊन पॅसेजमध्येच आले. नऊ माणसं, आणि मधोमध मी पालथा. उठावं तरी पंचाईत.

"लिफ्ट..." मी म्हटलं.

"लिफ्ट आम्हाला दिसतेय."

घशात धूळ गेली होती. जमिनीकडेच बघून म्हणालो, "मी पितो. थांबता येत नाही. मागच्या वर्षी पोरीच्या वाढदिवसाला दुसऱ्याच्याच घरी केक घेऊन गेलो आणि तिथेच झोपलो."

पोस्टमनकाका फिस्सकन हसले, आणि मग सगळेच. मीसुद्धा. मग मला रडू आलं.

"आता काढा मला," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी बायकोला ते केकचंच सांगितलं. शब्द न बदलता. पलीकडे पोरगी कुणाशी तरी भांडत होती, तेवढं ऐकू येत होतं.

"तो केक कसला होता," तिने विचारलं, "ते तरी आठवतं का?"

"नाही."

"हां. हे तुमचं आहे," ती म्हणाली. "रविवारी येते. घर झाडून ठेवा."