मला दांड्या बसवल्या त्याची गोष्ट

मित्रांनो, हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली, दोनदा सोडून दिलं. आपली लाज आपणच चव्हाट्यावर कशाला मांडायची? पण गप्प बसूनही चैन पडेना. म्हटलं, सांगून टाकू एकदाचं.

मी एक बाक आहे. लोखंडी. तसा फार जुना नाही, मधे रंग उडाला होता म्हणून जुना दिसायचो. ज्या कारागिरानं मला बनवलं, तो काम संपल्यावर स्वतःच माझ्यावर आडवा झाला होता. पाय ताणले, डोळे मिटले आणि म्हणाला, "हां, आता झाला बाक."

मला आणून ठेवलं ते नगरपालिकेच्या अंगणात, थेट सभागृहाच्या खिडकीखाली. त्यामुळे आतलं सगळं ऐकू येतं. शहराचा नियम कसा होतो, ते मी इथे बसून शिकलो. आधी कोणीतरी नियम सुचवतं. मग फळ्यावर नोटीस लागते, की कोणाची हरकत असेल तर अमुक दिवशी येऊन सांगा. कोणी येत नाही. मग सभेत अध्यक्ष विचारतात, "मंजूर?" सगळे म्हणतात, "मंजूर." आणि चहा येतो.

बजेटचं तर विचारूच नका. वर्षाच्या सुरुवातीला पैसा नाही म्हणून भांडणं आणि वर्ष संपत आलं की पैसा उरला म्हणून धावपळ. कारण उरलेला पैसा खर्च झाला नाही, तर पुढच्या वर्षी त्या कामाला कमी मिळतो.

आता मावशीबद्दल सांगतो. मावशी समोरच्या दवाखान्यात आया आहे. सकाळभर पेशंट उचलायचे, कूस बदलून द्यायची, चादरी ओढायच्या. दुपारी पुन्हा दुसरी पाळी. मधल्या वेळात ती रस्ता ओलांडून माझ्याकडे यायची. "सरक रे लोखंड्या," म्हणायची, जसा काही मी सरकणारच होतो! पिशवी उशाला घ्यायची, पाठ टेकायची आणि असा एक हुंकार सोडायची, की मलाच बरं वाटायचं. त्या पाठीवर तिचं घर चालायचं. पाठ गेली की नोकरी गेली, हे ती मला रोज ऐकवायची.

एकदा अध्यक्षांनी तिला झोपलेलं पाहिलं. तोंड उघडं, घोरणं चालू. ते सभेत म्हणाले, "बाहेरून पाहुणे येणार आहेत शहर बघायला. आणि आपल्या दारात ही धर्मशाळा?" झालं. नियम सुचवला गेला, बाक फक्त बसण्यासाठी वापरायचे. सोबत आणखी एक शब्द आला, सुशोभीकरण. बाकांना नवा हिरवा रंग.

मित्रांनो, तो रंग ऐकला आणि मी हुरळून गेलो. मला बाकी काही ऐकूच येईना.

नोटीस लागली. हरकत घ्यायला अख्ख्या शहरातून एकटी मावशी गेली, दवाखान्याच्या ड्रेसमध्येच.

"काय म्हणणं आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेब, मी झोपत नाही. पाठ टेकते."

"त्यात फरक काय, मावशी?"

"मघाशी मागचा विषय चालू होता तेव्हा तुम्ही डोळे मिटून होतात ना? तोच फरक."

सगळं सभागृह हसलं. अध्यक्षही हसले. म्हणाले, "जबरदस्त बोलता तुम्ही. नोंद घ्या रे ह्यांची." मावशीला वाटलं, जिंकले. आणि मी खिडकीखाली काय म्हणत होतो, ठाऊक आहे? 'मावशी, पुरे की आता. माझा रंग अडकवशील.' हो, असंच. इतकी वर्षं जिनं मला माया लावली, तिच्याबद्दल.

पुढच्या सभेत नियम मंजूर झाला. चहा आला.

वर्ष संपायला आलं, तेव्हा बाकांच्या दुरुस्तीचा पैसा तसाच पडून होता. कोणाच्या तरी डोक्यात आलं, की बाकांवर मधे दांड्या बसवू, म्हणजे कोणाला आडवं होता येणार नाही, नियमही पाळला जाईल आणि पैसाही संपेल. वेल्डर आला. त्याला एका दिवसात अख्ख्या शहरातले बाक उरकायचे होते. माझ्या मधोमध दोन दांड्या उभ्या केल्या, घाईघाईत चार टाके मारले, वरून हिरवा रंग फासला. फोटो काढले. मी काय ऐटीत होतो तेव्हा!

मग मावशी आली. कमरेवर हात. बघत राहिली. मला वाटलं, शिव्या घालेल. ती म्हणाली, "छान दिसतोस रे लोखंड्या."

एवढंच. त्या दिवसापासून मला स्वतःचा रंग बघवत नाही.

ती दांड्यांच्या मधे बसून पाहायची, गुडघे पोटाशी घेऊन कलंडून पाहायची. दांडी बरगडीत रुतायची. शेवटी माझ्या पायाशी, फरशीवरच आडवी झाली. वॉचमन म्हणाला, "मावशी, अहो इथे कुठे?"

"जमिनीचा नियम झालाय का?"

"नाही अजून."

"मग होईस्तोवर पडते."

दोघं हसले. पण थंड फरशीनं व्हायचं ते केलंच. एका दुपारी तिला उठताच येईना. वॉचमननं आणि फळवाल्यानं धरून उभं केलं. नंतर बरेच दिवस ती दिसली नाही. काल आली, कमरेला रुंद पट्टा बांधून. दवाखान्यानं तिला आता एकच पाळी दिलीय. पगारही अर्धा.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तू म्हणतात, आमची निगा राखा. मी कोणत्या तोंडानं म्हणू? माझं मागणं वेगळं आहे. फळ्यावर नोटीस दिसली की थांबून वाचा. तुमच्या कामाची नसली तरी वाचा. त्या दिवशी मावशीबरोबर आणखी पाचजण आत गेले असते, तर नुसतं हसून भागलं नसतं.

आणि नवीन बजेटात मला रंग द्यायचं ठरलंच, तर दांड्यांचे सांधे तेवढे बिनरंगाचे सोडा.

मावशी, तुझी माफी मागायला मला तोंड नाही, पण शब्द देतो. वेल्डरचे टाके कच्चे आहेत. एकाला बारीक चीर गेलीय, आत ओल धरतेय. बाकी अंगावरचं पाणी मी निथळू देईन, तिथलं मात्र थेंबभरही सोडणार नाही. मी गंजेन. आधी तिथेच गंजेन, दांड्या गळून पडेपर्यंत. तू फक्त फरशीवर झोपू नकोस.