फाटकाच्या दोन्ही बाजूंना

धाकट्या भावाकडे परदेशात येऊन ताईंना अकरा दिवस झाले होते, आणि या अकरा दिवसांत भाऊ त्यांच्याशी जेवढं बोलला ते सगळं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. पाणी गरम आहे. खिडकी लावू का? उद्या माझी सकाळची पाळी. घरात भांडण असं नव्हतंच. भांडण तीन वर्षांपूर्वी, आई गेली त्याच आठवड्यात, फोनवर होऊन गेलं होतं. 'ऑपरेशन नको हे तू ठरवलंस,' असं तो म्हणाला होता, ताईंनी फोन ठेवला होता, आणि तो पुन्हा कुणीच उचलला नव्हता. मधल्या काळात संबंध राखले ते भावजयीने. विमानाचं तिकीटही तिनेच पाठवलं. ताई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. पस्तीस वर्षं सरकारी इस्पितळात परिचारिका म्हणून काढल्यावर नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण उरलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी भावजयीने त्यांच्या मोबाईलमध्ये प्रवासाचं कार्ड घालून दिलं. कार्ड म्हणजे हातात धरायचं काही नाही, नुसतं पडद्यावरचं चित्र. स्टेशनात शिरताना फोन फाटकाच्या खांबाला टेकवायचा, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचा, पैसे आपोआप कापले जातात. ताईंना हा कारभार आधी पटला नाही. तिकीट नाही, शिक्का नाही, कुणाला काही दाखवायचं नाही, म्हणजे आपण प्रवास केला याला पुरावा काय? पण दोन दिवसांत हात बसला. चौथ्या दिवसापासून त्या एकट्या हिंडू लागल्या. संग्रहालयं पाहिली, दोन इस्पितळं बाहेरून पाहिली, आणि एका दुकानात चपला घेतल्या.

परत निघायच्या आदल्या दिवसासाठी भावजयीने बेत आखला. भाऊ लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. ताईंनी दुपारी चार वाजता त्याच्या कारखान्याजवळच्या स्टेशनावर यावं, त्याने फाटकाशी भेटावं, कारखाना दाखवावा आणि दोघांनी मिळून घरी यावं. भावाने मान डोलावली. तोंडावर नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

त्या दिवशी ताई सकाळपासून नदीकाठच्या बागेत होत्या. फोटो काढले, नकाशा सतत उघडा ठेवला. फोन जुना होता. बागेच्या स्टेशनावर त्याने फाटक उघडून दिलं, आणि बावीस मिनिटांनी भावाच्या स्टेशनावर ताईंनी तो खांबाला टेकवला तेव्हा पडदा काळाठिक्कर होता. पुन्हा टेकवला. फाटक ढिम्म. मागे खोळंबलेल्या माणसांनी शेजारचं फाटक धरलं.

खिडकीत गणवेशातली एक बाई बसली होती. दोघींनाही मोडकीतोडकी येणारी एक तिसरीच भाषा होती, तिच्यात त्यांचं बोलणं झालं. तुम्ही कुठून चढलात ते कार्डात लिहिलंय आणि कार्ड फोनमध्ये आहे, असं त्या बाईने समजावलं. फोन उघडत नसेल तर पासपोर्ट दाखवून अर्ज भरावा लागेल. पासपोर्ट घरी होता. तेव्हा बाईने ताईंचा फोन आत घेतला, आपल्या चार्जरला लावला आणि दोन्ही हातांची बोटं दोनदा उघडून दाखवली. वीस मिनिटं. ताईंना तिचा राग आला नाही. भेटीची वेळ संपल्यावर त्यांनीही किती नातेवाइकांना वॉर्डाच्या दाराबाहेर उभं केलं होतं, त्याला गणती नव्हती.

चार वाजता भाऊ आला. फाटक काचेचं होतं, कमरेएवढं.

"फोन गेला," ताई म्हणाल्या. "आत अडकलेय."

तो खिडकीशी जाऊन तिथल्या भाषेत बराच वेळ बोलला. बाईने मान हलवली आणि फोनकडे बोट दाखवलं. तो परत येऊन फाटकापलीकडे उभा राहिला. घरी असता तर एव्हाना काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या खोलीत गेला असता. इथे दुसरी खोली नव्हती. त्याने घड्याळ पाहिलं, मग कारखान्याबद्दल सांगायला लागला. दोर तुटला तरी लिफ्ट खाली पडत नाही, आपोआप ब्रेक लागतो, लोक उगाच घाबरतात. ताईंनी ऐकून घेतलं. तेही संपलं. दोन्ही बाजूंनी माणसं फोन टेकवून जात होती, येत होती.

उद्या या वेळी आपण विमानात असू, हे ताईंच्या मनात आलं. मग त्यांनी आवाज न चढवता, इस्पितळात पाळी संपताना पुढच्या परिचारिकेला सांगतात तसं सांगून टाकलं.

"आईला ऑपरेशन हवं होतं."

भाऊ फाटकाच्या आणखी जवळ आला.

"तिने मला तीनदा विचारलं, तारीख मिळाली का. मी सांगितलं, डॉक्टर नको म्हणतायत. ते नको म्हणत नव्हते. थोडी आशा आहे, निर्णय तुमचा, असं म्हणत होते. टेबलावर गेलेली माणसं मी खूप पाहिलीत. तिला तसं जाऊ द्यायचं नव्हतं मला. पण विचारायचं तर तिलाच होतं, आणि मी विचारलं नाही."

हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. आता हा पाठ फिरवेल आणि जिना चढून जाईल, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. त्याची पाठ बघायची तयारी त्यांनी केली होती.

"मला माहीत होतं," भाऊ म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तिला हवं होतं ते. जायच्या दोन आठवडे आधी तिने मला फोन केला. म्हणाली, तू ये, ताईला समजाव, ती माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं नाव पुढे करते. मी म्हटलं, सुट्टी बघतो."

"मिळाली नाही?"

"मागितलीच नाही." त्याने फाटकाच्या काचेवर हात ठेवला, मग काढून घेतला. "तू होतीस ना तिथे. तू आहेस तर माझं काय काम, असं म्हणून गप्प बसलो. खरं सांगायचं तर घाबरलो होतो. आणि नंतर सगळं तुझ्यावर ढकललं."

ताईंना रडू आलं नाही. पाय मात्र दुखायला लागले, आणि तसं त्या म्हणाल्या. भावाने खिशातून आपला फोन काढला, खांबाला टेकवला आणि आत आला. तेवढ्यात खिडकीतली बाई ताईंचा उजळलेला फोन हातात उंच धरून काहीतरी म्हणाली. भावाने तिला उत्तर दिलं आणि फोन घेऊन आला.

"काय म्हणते?"

"फोन सुरू झाला, आता तुम्हाला बाहेर पडता येईल, म्हणते. मी म्हटलं, राहू दे आता. आम्ही इथूनच घरी जातो."

ते प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसले. आईच्या शेवटच्या एकोणीस दिवसांबद्दल भाऊ एकेक विचारत गेला आणि ताई सांगत गेल्या. आई काय खायची, कुठल्या कुशीवर झोपायची, शुद्ध कधी गेली. एकदा तो मध्येच म्हणाला, "एवढं सगळं तू एकटीने," आणि वाक्य तिथेच सोडलं. चार गाड्या गेल्या. पाचवी त्यांनी पकडली. कारखाना बघायचा राहिला तो राहिलाच.

घरी भावजयीने दार उघडलं, दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि पानं घ्यायला स्वयंपाकघरात गेली.

परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात भावाचा निरोप आला: आईचे इस्पितळाचे कागद पाठवशील का? ताईंनी सगळे पाठवले, डॉक्टरांची टिपणंही. 'मिळाले' एवढंच उत्तर आलं. पुढे बरेच दिवस काही नाही. ताईंनी ओळखलं, आता वाचले असतील, आता पुन्हा राग आला असेल, आणि तो येणं बरोबरच आहे.

मग एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. एका पानावर डॉक्टरांचं अक्षर लागत नव्हतं, तो शब्द काय आहे असं विचारत होता. ताईंनी चष्मा आणला, आपली प्रत काढली, शब्द वाचून दाखवला आणि त्याचा अर्थ सांगितला. त्याने तो लिहून घेतला. मग त्याने पुढच्या ओळीतला शब्द विचारला.