भैरूचा खुराक

हंबीरराव वस्तादांना खुराकातलं कळतं, याबद्दल तालमीत दुमत नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना बदाम, मनुका, दूध, तूप चारून तगडं केलं होतं. त्यामुळं तापातून उठलेला त्यांचा कुत्रा भैरू हडकला, तेव्हा कुणाला विचारायचा प्रश्नच आला नाही. रोज मूठभर भिजवलेल्या मनुका दुधात कालवून सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी भैरू ओकला. "जड खुराक हाय, अंगी लागाय येळ लागतोय," म्हणत वस्तादांनी आणखी एक मूठ वाढवली. शहाण्या माणसाला अडवणार कोण?

चौथ्या दिवशी भैरू उठेना. वस्तादांनी त्याला खांद्यावर घालून शाहूपुरीत डॉक्टर मेहक मुजावर यांच्या दवाखान्यात आणलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली.

"किडन्या काम करेनात, वस्ताद. काय खाल्लंय यानं? उंदराचं औषध? द्राक्षं, मनुका?"

"उंदराचं औषध न्हाय." वस्तादांनी भैरूच्या पाठीवर हात ठेवला. "मनुका मीच चारल्या. ताकद यावी म्हणून."

"कुत्र्याला त्या बाधतात हो. विषच ते. ओकला तवाच आणला असता तर..." बाई सलाईनची बाटली काढायला वळल्या. त्या ओरडल्या असत्या तर वस्तादांना बरं वाटलं असतं.

सलाईन लागलं. लघवी झाली तर आशा, नाहीतर अवघड, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. मग वस्ताद बाकावर टेकलेच नाहीत. भैरूखालचं फडकं घडीघडीला चाचपून बघायचे. कोरडं. दुसऱ्या दिवशीही कोरडं. उभ्या जन्मात त्यांनी अंबाबाईकडं पोरांसाठी गदा मागितल्या होत्या. आता फडकं ओलं कर, एवढंच मागत होते, आणि तेही मिळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. "जमंल तेवढं सगळं केलं, वस्ताद. आता त्याचे नुसते हाल हायत. इंजेक्शन देऊन सोडवूया त्याला."

"माझी एक किडनी घालता येत न्हाय का ओ?"

"न्हाय."

"दोन्ही घ्या की मग!"

बाईंनी मान फिरवली. वस्ताद रडले, मोठ्यानं, दवाखानाभर ऐकू जाईल असं. मीच मारला, मीच मारला, म्हणत राहिले. रडून झाल्यावर त्यांनी कागदावर सही केली आणि भैरूचं डोकं मांडीवर घेतलं.

बाई सुई भरत होत्या. भैरूच्या तोंडाला फेस आला होता. तो पुसायला वस्तादांनी हात पुढं केला. तीन दिवस पाण्यालासुद्धा न शिवलेल्या भैरूनं तो हात हुंगला, आणि खाऊ आला असं वाटून तोंड उघडलं.